स्प्लिट रॉकला जाऊन बाहेरूनच परत फिरणाऱ्या मिनेसोटाच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच विषय असतो, नॉर्थ शोअरला म्हणजे लेक सुपिरिअरच्या उत्तर किनाऱ्याला कधी जायचं, पानं कुठपर्यंत रंगली, डुलुथला हॉटेल मिळतंय का, आणि मग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचे फोटो येतात आणि त्यात एक फोटो हमखास असतोच, खाली गोट्यांचा बीच, मागे काळा उभा कडा, कड्याच्या टोकावर पिवळ्या विटांचं छोटंसं लाइटहाऊस, म्हणजेच स्प्लिट रॉक. माझ्याकडे पण तो फोटो आहे, एक नाही चार वर्षांचे चार आहेत. पण परवा एका ग्रुपवर कोणीतरी पहिल्यांदा जाणाऱ्यांना सल्ला दिला की "लाइटहाऊसचं तिकीट काढायची काही गरज नाही, बाहेरूनच छान दिसतं, आत काही विशेष नाही, तो वेळ पाई खायला द्या", आणि त्याला पंधरा-वीस अंगठे आले, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. त्या माणसावर राग नाही, कारण मी स्वतः पहिली तीन वर्षं अगदी हेच केलं होतं. म्हणून हे पत्र, जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे लाइटहाऊस तिथे का आहे ते सांगते, कारण ते कळलं की मग फोटो पण वेगळा दिसायला लागतो. आपण ज्या रस्त्याने जातो तो हायवे ६१ तेव्हा नव्हताच, त्या किनाऱ्याला यायचं तर बोटीने. पण समोरच्या पाण्यात मात्र प्रचंड रहदारी होती. १८८४ साली याच किनाऱ्यावरच्या टू हार्बर्स गावाच्या धक्क्यावरून लोहखनिजाची पहिली बोट भरून गेली आणि त्यानंतर इथलं खनिज खालच्या सरोवरांकाठच्या बंदरांतून पोलादाच्या कारखान्यांकडे जात राहिलं. लोखंड इथलं, पोलाद तिकडचं आणि मधे लेक सुपिरिअर. सरोवर म्हणताना आपल्या डोळ्यासमोर पवई नाहीतर रंकाळा येतो, पण हे क्षेत्रफळाने जगातलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे, इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला गिचिगामी म्हणतात, म्हणजे मोठं पाणी, आणि नोव्हेंबरात ते समुद्रासारखंच वागतं.

१९०५ च्या नोव्हेंबरात ते असंच वागलं. २७ तारखेच्या रात्री वादळ सुरू झालं आणि २८ ला दिवसभर चाललं, बर्फाने समोरचं काही दिसत नव्हतं, आणि त्यात २९ जहाजांचं नुकसान झालं. त्यातलं माताफा नावाचं जहाज तर डुलुथच्या कॅनॉलच्या तोंडाशी आलं होतं, आपण कॅनॉल पार्कला आइस्क्रीम खात जिथे उभे राहतो ना, तिथे, आणि आत शिरता शिरता धक्क्यावर आपटून किनाऱ्यापासून जेमतेम काही शे फुटांवर मोडून पडलं. हजारो लोक काठावर उभे, शेकोट्या पेटवून रात्रभर थांबलेले, पण लाटांमुळे कोणालाच पुढे जाता येईना. जहाजावर २४ माणसं होती, त्यातली मागच्या भागात अडकलेली नऊ जण सकाळपर्यंत गारठून गेली. घरं दिसत होती हो त्यांना समोर, दिवे दिसत होते.

त्याच वादळात इकडे स्प्लिट रॉकजवळ दुसरा प्रकार झाला होता. विल्यम ईडनबॉर्न नावाचं जहाज मागे मडेरा नावाची बार्ज दोराने ओढत चाललं होतं, बार्ज म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली, पण लहान समजू नका, ४३६ फूट लांब पोलादी बार्ज. वादळात दोघांना एकत्र टिकता येईना म्हणून पहाटेच्या अंधारात ईडनबॉर्नने दोर सोडून दिला. ते स्वतः स्प्लिट रॉक नदीच्या मुखाजवळ काठावर चढलं आणि मडेरा लाटांवर हेलपाटत जाऊन गोल्ड रॉक नावाच्या कड्यावर आपटायला लागली. एक लाट आली की आपटायची, दुसरी आली की परत. तेव्हा फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशाने काय केलं, हातात दोर घेतला आणि बोट कड्याजवळ गेली त्या क्षणाला उडी मारून तो दगड धरला, आणि त्या ओल्या, बर्फाळलेल्या साधारण ६० फूट कड्यावर वर चढून गेला. वरून दोराला दगड बांधून खाली सोडला आणि त्या दोराने बाकीचे एकेक करून वर आले. दहापैकी नऊ वाचले, मेट म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी होता तो गेला. दोन दिवसांनी टू हार्बर्सहून एडना जी नावाची टग म्हणजे जहाजं ओढणारी बोट आली आणि या सगळ्यांना घेऊन गेली. ही एडना जी आजही टू हार्बर्सच्या बंदरात उभी आहे, लाल-काळी, म्युझियम करून ठेवलीय, आपण तिच्यासमोर गाड्या लावून खनिजाची जहाजं बघतो आणि ती कोण आहे ते वाचत पण नाही. मी पण नव्हतं वाचलं.

तर या वादळानंतर जहाजांचे मालक, त्यात मोठ्या पोलाद कंपनीचा ताफा मुख्य, वॉशिंग्टनला गेले की या किनाऱ्यावर बत्ती पाहिजे. तक्रार जुनीच होती, इथल्या खडकांत लोह असल्याने होकायंत्र दगा देतं असं खलाशी सांगायचे. १९०७ साली अमेरिकन काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने ७५ हजार डॉलर मंजूर केले. राल्फ टिंकहॅम नावाच्या इंजिनिअरने डिझाइन केलं आणि १९०९ ला काम सुरू झालं. आता विचार करा, रस्ता नाही, १३० फूट सरळ उभा कडा, आणि वर विटा, सिमेंट, पोलाद न्यायचंय. त्यांनी आधी वाफेवर चालणारी एक क्रेन कड्यावर चढवली आणि मग सगळं सामान बोटीतून सरळ हवेतून उचलून वर घेतलं. त्या क्रेनचा पाया आजही कड्याच्या टोकाला दिसतो, तिथे उभं राहून खाली बघा, पोटात गोळा येतो. ३१ जुलै १९१० ला दिवा पहिल्यांदा लागला.

इथे एक गंमत सांगायची राहवत नाही, आपल्यातले कितीतरी जण ३एम मध्ये आहेत म्हणून. ती कंपनी १९०२ ला टू हार्बर्सलाच सुरू झाली, या किनाऱ्यावर कोरंडम म्हणजे कुरुंद दगड सापडलाय, त्यापासून घासायचे दगड करू या आशेवर. तो निघाला ॲनॉर्थोसाइट, त्या कामाला निरुपयोगी. लाइटहाऊस ज्या कड्यावर उभं आहे तो कडा याच ॲनॉर्थोसाइटचा.

आता आत काय आहे ते. "आत काही विशेष नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. टॉवर तसा बुटका आहे, ५४ फूट, अष्टकोनी, कारण उंची कड्यानेच दिलीय, दिव्याची जागा सरोवराच्या पाण्यापासून १६८ फुटांवर जाते. गोल जिना चढून वर गेलात की लेन्स समोर येते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आमच्याकडच्या तिसऱ्या आठवल्या, शिंपल्याची दोन पाखं उभी करून एकमेकांसमोर धरली तर कशी दिसतील, तशी ती आहे, फक्त माणसाच्या उंचीची आणि काचेची, आणि प्रत्येक पाखात काचेच्या लोलकांची वर्तुळात वर्तुळं. पॅरिसला बनवलेली फ्रेनेल लेन्स. तिचं सगळं वजन पाऱ्यावर तरंगत असतं, त्यामुळे घर्षण जवळजवळ नाही आणि एवढं धूड अगदी हलक्या ताकदीने फिरतं. फिरवणारं काय, तर घड्याळासारखं यंत्र, टॉवरच्या मधोमध एक वजन हळूहळू खाली उतरत जायचं आणि त्यावर चाकं फिरायची, वजन तळाशी आलं की हँडल मारून परत वर, दर दोन तासांनी, रात्रभर. २० सेकंदाला एक फेरी, लेन्सला बाजू दोन, म्हणून दर १० सेकंदाला एक झोत. प्रत्येक लाइटहाऊसची अशी स्वतःची चाल ठरलेली असते, खलाशी अंधारात सेकंद मोजून ओळखतात की आपण कुठे आहोत. आणि आत दिवा कुठला, तर रॉकेलचा. आपल्या लहानपणी वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन माणसं चालायची ना, पंप मारायची, जाळीचं मँटल असलेली, तत्त्व तेच. त्या एका मँटलचा उजेड अधिकृत हिशोबाने २२ मैलांपर्यंत जायचा. वीज १९४० ला आली.

आणि हे सगळं तीन माणसं सांभाळायची, एक मुख्य कीपर आणि दोन असिस्टंट, त्यांची तीन विटांची घरं अजून तशीच आहेत. पहिला कीपर ओरेन यंग, लोक त्याला पीट म्हणायचे, १९१० पासून १९२८ पर्यंत होता. त्याच्या घरात आज गेलात तर १९२० च्या दशकातलं घर जसंच्या तसं मांडलंय, आणि उन्हाळ्यात त्या काळातल्या कपड्यांत तिथली माणसं तुमच्याशी बोलतात, माझ्या मैत्रिणीच्या मुलाने तर एका "कीपर"ला अर्धा तास प्रश्न विचारले आणि त्या माणसाने एकदाही घड्याळ बघितलं नाही. नोकरी सोपी नव्हती. दिवा लागून दोन महिने होतात न होतात तोच, १९१० च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दोन्ही असिस्टंट शिडाची होडी घेऊन बीव्हर बेला टपाल आणायला गेले आणि परत आलेच नाहीत, होडी उलटलेली सापडली. टपाल आणायला हो. ज्या दिव्याने दुसऱ्यांना बुडण्यापासून वाचवायचं त्या दिव्याची दोन माणसं पत्रांसाठी गेली, आणि त्यांच्या जागी नवीन माणसं येईपर्यंत पण दिवा लागतच राहिला असणार, कारण तो लावणं हीच तर नोकरी. पुढे १९२४ ला रस्ता झाला आणि आपल्यासारखे लोक गाड्या घेऊन यायला लागले, इतके की कीपर लोकांना पाहुणे फिरवणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं. १९६९ ला सरकारने दिवा बंद केला, जहाजांकडे रडार वगैरे आले होते, गरज उरली नव्हती. दोन वर्षांनी ती जागा मिनेसोटा राज्याकडे आली, १९७६ पासून मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी ती सांभाळते, आणि २०११ ला तिला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्कचा दर्जा मिळाला.

म्हणजे दिवा आता लागत नाही का, तर लागतो. आणि हे सांगायलाच खरं पत्र लिहायला घेतलं.

१९७५ साली एडमंड फिट्झगेराल्ड नावाचं ७२९ फूट लांब जहाज ९ नोव्हेंबरला डुलुथच्या शेजारच्या सुपिरिअरहून २६ हजार टन टॅकोनाइटच्या म्हणजे लोहखनिजाच्या गोळ्या भरून निघालं, डेट्रॉइटकडे जायला. दुसऱ्या दिवशी वादळाने गाठलं. त्यांचे रडार गेले, आणि ज्या व्हाइटफिश पॉइंटकडे ते आसऱ्याला चालले होते तिथला दिशा दाखवणारा रेडिओ बीकन वादळाने बंद पडलेला. मागून आर्थर अँडरसन नावाचं जहाज त्यांना रस्ता सांगत येत होतं. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर अँडरसनने विचारलं, तुमचं कसं चाललंय, तर कॅप्टन मॅक्सॉर्ली म्हणाला, आम्ही तग धरून आहोत. त्यानंतर काही मिनिटांत ते रडारवरून नाहीसं झालं. मदतीचा सिग्नल नाही, काही नाही. २९ माणसं होती, एकाचंही शरीर मिळालं नाही. ५३० फूट पाण्यात जहाज दोन तुकडे होऊन पडलंय.

दरवर्षी १० नोव्हेंबरला संध्याकाळी स्प्लिट रॉकला या २९ जणांची नावं वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा एक टोल, आणि मग त्या बंद केलेल्या लाइटहाऊसचा दिवा लावतात. वर्षभरात अंधार पडल्यावर, दिवा चालू असताना टॉवरमध्ये जाता येतं असा हा एकच दिवस.

मी २०२३ ला गेले. आई तेव्हा आमच्याकडे होती, सप्टेंबरात आलेली. मूळची अलिबागकडची, ७० वर्षांची, गुडघे तक्रार करतात पण बंदर म्हटलं की निघते. शुक्रवार होता, आणि योगायोग असा की त्या वर्षी १० नोव्हेंबरलाच धनत्रयोदशी होती. नवरा म्हणाला सण आहे, पुढच्या वर्षी जाऊ, आई म्हणाली तिथे पण दिवाच लावणार आहेत ना, मग चला. सकाळी मिनीॲपोलिसहून निघालो, दुपारी पोचलो, आणि चार वाजता सगळे लाइटहाऊससमोर जमायला लागले. आम्ही सोडून कोणी देशी मला तरी दिसला नाही. म्हातारी जोडपी, लहान मुलं, खलाशी वाटावेत असे काही जण, सगळे जाड कोट घालून अगदी गप्प उभे. साडेचारच्या सुमाराला उजेड मावळायला लागला आणि नावं सुरू झाली. एक नाव, घंटा, मग थांबायचं, तो आवाज पाण्यावर जाऊन विरेपर्यंत, मग दुसरं नाव. भाषण नाही, हारतुरे नाहीत.

मी आईकडे बघितलं तर ती हातमोजा काढून बोटांच्या पेरांवर मोजत होती, जप मोजते तशी. इंग्लिश नावं तिला कळत नव्हती पण घंटा कळत होती. एकोणतीस झाले आणि तिने हात खाली घेतला, आणि तेवढ्यात आणखी एक घंटा झाली. मला हळूच म्हणाली, "एकोणतीस झाले ना गं, मग हा कोणाचा?" मी सांगितलं की तिसावा टोल या सरोवरांत बुडालेल्या बाकी सगळ्यांचा, ज्यांची नावं इथे वाचत नाहीत त्यांचा. ती काही बोलली नाही. माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा सख्खा भाऊ रामदास बोटीत गेला. तुमच्यातल्या कोकणातल्या लोकांना सांगायला नको, १७ जुलै १९४७, दिव्यांची अवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. आई तेव्हा जन्मलेली पण नव्हती, पण त्यांच्या घरी दिव्यांच्या अवसेला पाटावर सगळे दिवे घासूनपुसून मांडले की एक पणती आजी वेगळी, उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि का ते कोणी विचारायचं नाही, हे आईने मला त्या दिवशी गाडीत परत जाताना पहिल्यांदा सांगितलं. पन्नास वर्षांत विषय निघाला नव्हता.

मग दिवा लागला. फोटोत तो येत नाही, सांगून ठेवते, कितीही चांगला फोन असला तरी. खाली उभं राहिलं की डोक्यावरून झोत निघतात आणि काळ्या पाण्यावर फिरत जातात, आणि दर दहा सेकंदांनी वाटतं आता आपल्यावर येईल पण तो वरूनच जातो, कारण तो आपल्यासाठी नाहीच, लांबच्यांसाठी आहे. आम्ही रांगेत उभं राहून वर पण गेलो, आई एकेक पायरी करत चढली, मागचे लोक शांतपणे थांबले, आणि ती लेन्स फिरताना बघून तिने हात जोडले. तिथल्या माणसाने पण हलकेच मान झुकवली. रात्री टू हार्बर्सच्या मॉटेलवर पोचलो तर तिच्या पर्समधून कणकेची पुरचुंडी निघाली, घरूनच मळून आणलेली. यमदीपदान. खोलीत स्मोक अलार्म, म्हणून पार्किंगमध्ये गाडीच्या आडोशाला, कणकेचा दिवा, दक्षिणेला तोंड करून. वाऱ्याने तीनदा विझला, आम्ही तिघांनी कोट धरून चौथ्यांदा लावला.

तर मंडळी, माझी विनंती एवढीच आहे की निदान एकदा आत जा, आणि जमलं तर १० नोव्हेंबरला जा. आई-बाबा आलेले असतील तर त्यांना नक्की न्या. आपण त्यांना मॉल ऑफ अमेरिका दाखवतो, नायगारा दाखवतो, आणि कोकणातल्या, वसईच्या, मालवणच्या, गोव्याच्या ज्या लोकांनी आयुष्यभर समुद्राशी संबंध ठेवलाय त्यांना ही जागा बाहेरून दाखवून "चला चला, पुढे अजून दोन धबधबे आहेत" म्हणतो. मागे एका ग्रुपच्या बसने आम्ही गेलो होतो तेव्हा स्प्लिट रॉकला पंधरा मिनिटं दिली होती, पंधरा मिनिटांत बाथरूमची रांग पण संपत नाही. ज्यांच्याकडे ट्रिप ठरवायचं काम असतं त्यांना हात जोडून सांगते, एक धबधबा कमी करा आणि इथे दोन तास द्या, तीन दिले तर अजून चांगलं.

जायचं कसं ते पण लिहिते, दरवेळी ग्रुपवर विचारतात म्हणून. ट्विन सिटीजहून हायवे ३५ ने डुलुथ, तिथून हायवे ६१, डुलुथपासून पुढे पाऊण ते एक तास, टू हार्बर्सच्या पुढे साधारण २० मैल, उजव्या हाताला पाटी येते. एकूण तीन-साडेतीन तास, ऑक्टोबरच्या शनिवारी जास्तच धरा. दोन गोष्टींची लोक गल्लत करतात, लाइटहाऊस, कीपरचं घर आणि म्युझियम यांचं तिकीट हिस्टॉरिकल सोसायटीचं, आणि खालचा गोट्यांचा बीच, ट्रेल, कॅम्पग्राउंड हे स्टेट पार्कचं, त्याला गाडीचं परमिट. उन्हाळ्यात आणि फॉलमध्ये सगळं उघडं असतं, हिवाळ्यात इमारती रोज उघड्या नसतात, म्हणून निघायच्या आधी त्यांच्या साइटवर वेळा बघून घ्या. आधी व्हिजिटर सेंटरमध्ये जा, वादळाची सगळी माहिती तिथे आहे, मग टॉवर, मग फॉग सिग्नलची इमारत, धुकं असेल तेव्हा दिवा उपयोगाचा नाही म्हणून भोंगा वाजवायचे ती, मग कीपरचं घर. कड्याच्या बाजूने पाण्यापर्यंत लाकडी जिना उतरतो, पावणेदोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, उतरताना काही वाटत नाही पण परत चढायच्या आहेत हे ज्येष्ठांना आधी सांगा. खाली सामान वर ओढायच्या छोट्या रेल्वेचे सिमेंटचे खांब दिसतात, रस्ता व्हायच्या आधी १९१६ च्या सुमाराला बांधलेली. वेळ असेल तर पार्कच्या आत गोल्ड रॉकपर्यंत चालत जा, मडेरा अजून तिथेच पाण्याखाली आहे, डायव्हिंगवाले जातात. ज्या कड्यावर बेन्सन चढला तो कडा वरून बघून या आणि मग ठरवा आत काही विशेष आहे की नाही.

नोव्हेंबरच्या कार्यक्रमाचं मात्र तिकीट आणि पार्किंग ऑक्टोबरातच बघायला लागा, गर्दी होते आणि आयत्या वेळी मिळत नाही. थंडी लाइटहाऊसपाशी गावापेक्षा जास्त लागते, वारा सरळ पाण्यावरून येतो, कानटोपी आणि दोन जोड मोजे, आणि परतीच्या अंधारात ६१ वर हरणं आडवी येतात म्हणून हळू चालवा, शक्यतो रात्री तिकडेच मुक्काम करा. लहान मुलं असतील तर नावं वाचतात तेवढा वेळ गप्प उभं राहायचं हे गाडीतच समजावून ठेवा. माझ्या अनुभवाने मुलं राहतात, मोठेच फोन काढतात.

या वर्षी आम्ही परत जातोय. आई आता भारतात आहे, तिला फोनवर घंटा ऐकवायची आहे, तिकडे तेव्हा पहाट असेल, उठून बसते म्हणालीय. आमच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, ब्लूमिंग्टनहून निघू, कोणाचे आई-बाबा यायचे असतील तर ग्रुपवर सांगा, चहाचा थर्मास आणि पोळीभाजी आमच्याकडून.

तुमचीच,
एक मिनेसोटाकर, मूळ अलिबाग